कोठीभोवतीची हळद

इंझोरीत कोणालाही विचारा, रोडगे खावेत तर रंगूबाईच्या हातचे. लोकांनी म्हणायच्या आधी हे रंगूबाई स्वतःच म्हणायची, म्हणून लोकांनाही म्हणावं लागायचं. जाड्या कणकेच्या पाऱ्या एकीवर एक गुंडाळून गोळा करायचा, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचा, राख झटकून तुपात बुडवायचा, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. ऐकायला सोपं. पण आर वाढला की वरून कोळसा, उतरला की आत कच्चं पीठ.

गेली तीन वर्षं रंगूबाईचा उजवा खांदा वर जात नव्हता आणि रोडगे तिची सून साधना करत होती. ही गोष्ट मात्र घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. साधना मळायची, लाटायची, पुरायची, उलटवायची. रंगूबाई पाटावर बसून पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची, "आता उलटव. थांब, आता राहू दे." तेवढ्या बोलण्यावर तिचं नाव चालत होतं.

नाताळच्या सुट्ट्या लागल्या तशी रंगूबाईची लेक रत्नमाला पुण्याहून दोन्ही पोरं घेऊन माहेरी आली. आली ती अंथरुणातच शिरली. "माय, इथची थंडी सोसत नाही वं," म्हणून नऊ वाजेपर्यंत उठायची नाही. साधना पाचला उठायची. शेण काढायचं, सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं, नवऱ्याला, म्हणजे रंगूबाईच्या जगदेवला, डबा देऊन वावरात धाडायचं, मग आपली आठ वर्षांची निकिता आणि पुण्याची दोन अशा तिघांना ऊन ऊन भाकरी चुलीजवळच वाढायची. पुण्याच्या पोरांना भाकरी नको, पोळी पाहिजे. पोळी केली तर तूप नको, सॉस पाहिजे. साधना हसायची. "सॉस नाही बाप्पा, टमाट्याची चटनी हाय. तेच लाल हाय, खाऊन पाहा."

रविवारी रत्नमालाची सासू ललिताबाई आणि सुट्टीसाठी आईकडे आलेला जावई कारंज्याहून रोडगे खायला येणार होते. ललिताबाई म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला खडा आपल्या दाताखाली शोधणारी बाई. दिवाळीतच रंगूबाईनं तिला ऐकवलं होतं, "इहीनबाई, या एकदा. असे रोडगे खाऊ घालतो का तुमी कारंज्याचं जेवन इसरान."

गुरुवारी सकाळी रत्नमालाला काय हुक्की आली, ती साधनाला आणि पोरांना घेऊन तुरीच्या शेंगा तोडायला वावरात गेली. वावर नाल्याच्या पलीकडेच होतं. पोरांचा आरडाओरडा घरापर्यंत ऐकू येत होता. रंगूबाई ओट्यावर ऊन खात, वांग्याच्या भाजीसाठी लसूण सोलत बसली होती. तेवढ्यात फाट्यावरून चालत एक माणूस आला. साधनाचा भाऊ राजपाल. हातात कापडाचं गाठोडं.

"राम राम मावशी."

"ये रे बाप्पा. आज कसा काय रस्ता चुकला?"

राजपाल ओट्याच्या कडेला टेकला. मंगरूळपीरच्या पुढच्या वस्तीवर त्यांचं घर. शेती दोन एकर, तीही बरड. हंगाम झाला की तो बायकोला घेऊन हैदराबादकडे वीटभट्टीवर जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. रंगूबाईला ते सोयरपण सांगताना नेहमी आवाज थोडा खाली आणावा लागायचा.

"साधीले न्याले आलो मावशी," राजपाल म्हणाला. "यंदा मायबापही आमच्याबरोबर भट्टीवर येऊन राह्यले. बाबाचं एकट्यानं जमत नाही, माय म्हने मी रांधीन तुमचं. सोमवारी सकाई गाडी येते आमाले न्याले. मंग मिरगापर्यंत घराले कुलूप. माय म्हने, कुलूप लावाच्या आंदी साधी एक रात तरी घरी राह्यली पायजे."

रंगूबाईच्या हातातली लसणाची पाकळी तिथंच राहिली.

रविवारी ललिताबाई. खांदा वर जात नाही. साधना आज गेली तर माय तिला रविवारच्या आत सोडायची नाही, आणि सोडली तरी रडून सुजलेल्या तोंडानं ती रोडगे काय करणार. हे सगळं एका दमात रंगूबाईच्या डोक्यातून गेलं आणि तिच्या तोंडून निघालं,

"साधना? ते तर कारंज्याले गेली. पोट्ट्यायले कपडे घ्याले. संध्याकाईच्या गाडीनं येईन."

नाल्यापलीकडून निकिता जोरात हसल्याचा आवाज आला. राजपालनं तिकडे पाहिलं. रंगूबाई झरझर लसूण सोलू लागली. पण पोरं सगळ्या गावाचीच ओरडतात. त्यानं मान फिरवली.

"मले तर बाराच्या गाडीनं जा लागते, मावशी. ठेकेदार येनार हाय."

"मंग जा न बाप्पा. मी सांगतो तिले. धाडतो जगदेवसंगं."

"रविवारपर्यंत आली तरी चालते. पन येऊ द्या."

"अरे, आता सांगलं न म्या."

त्यानं चहा घेतला. जाताना गाठोडं पुढं सरकवलं. "संकरातीले आमी नसू. मायनं तिळाचे लाडू आताच बांधून धाडले साधीसाठी." मग रंगूबाईच्या पाया पडला. ती "सुखी राह्य" म्हणाली. त्याची पाठ फाट्याकडे वळेपर्यंत ती उभी राहिली. एक हाक मारली असती तर नाल्यापलीकडे गेली असती. तिनं मारली नाही.

गाठोडं कुठं ठेवायचं? तिनं आतल्या खोलीत जाऊन तुरीच्या डाळीच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं, गाठोडं डाळीत अर्धं पुरलं आणि झाकण लावलं. सोमवार झाला की काढू, म्हणू आत्ताच कोणीतरी आणून दिलं. रंगूबाईच्या लेखी निरोप म्हणजे माणूस. माणूस माघारी गेला की निरोपही माघारी गेला.

आणि पौषात कोणी सून माहेरी धाडतं का? आपल्या आईच्या वेळेपासून ऐकलेलं, पौष म्हणजे भाकड महिना. हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत रत्नमाला शेंगांनी ओटी भरून दारात आली, पौषातच माहेरी आलेली लेक, आणि म्हणाली, "माय, चहा ठेव वं."

त्या दिवसापासून रंगूबाईची जीभ सुटली. भाकरी जाड झाली, शेंगांत मीठ जास्त पडलं, पाणी नीट तापलं नाही. साधना "हाव आत्याबाई" म्हणायची आणि भाकरी पातळ करायची. मनात काही सलत असलं की रंगूबाईची जीभ असा मार्ग काढायची. घरातल्यांना ते नवं नव्हतं, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. फक्त रात्रीच्या जेवणाला तिला घास गिळेना. साधनानं न विचारता तिच्या ताटात ऊन वरण वाढलं. "आत्याबाई, थोडं तरी खा."

रंगूबाईची सासू खाष्ट होती. तिनं रंगूबाईला डागण्या सोडून बाकी सगळं दिलं होतं. चाळीस वर्षं रंगूबाई तिच्या खाष्टपणाच्या गोष्टी सांगत आली होती. पण शुक्रवारी निवडायला घेतलेल्या डाळीवर हात फिरवताना तिला आठवलं, माहेराहून न्यायला आलेला माणूस त्या बाईनं एकदाही रिकामा धाडला नव्हता. कापसाच्या ऐन वेचणीत रंगूबाईचा भाऊ आला होता, तेव्हाही सासूनं कपाळावर आठ्या घालून का होईना म्हटलं होतं, "जा. न्याले आलेलं मानूस परत धाडनं बरं नाही." रंगूबाईनं डाळीचं सूप खाली ठेवलं. आपण आपल्या सासूहूनही खाली उतरलो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी तिला कोठीजवळ मुंग्या दिसल्या. भिंतीतल्या चिरेतून काळी रांग निघाली होती. गुळाचा वास लागला होता त्यांना. गाठोडं आताच दुसरीकडं हलवावं म्हणून ती वाकली आणि तशीच राहिली.

मुंग्यांची रांग कोठीपर्यंत पोहोचलीच नव्हती. कोठीच्या पायाभोवती हळदीची रेघ ओढलेली होती. ताजी, पिवळीधम्मक, कुठंही न तुटलेली, रांगोळी घालावी तशी गोल. मुंग्या हळदीशी येऊन परत फिरत होत्या. आणि ताज्या हळदीखाली कालची फिकट रेघ दिसत होती.

या खोलीचा केर आणि कोठीतली डाळ साधनाशिवाय कोणी काढत नव्हतं.

"निकिते," रंगूबाईनं हाक मारली. पोरगी शेंगा चघळत आली. "हे हयद कोनं टाकली?"

"आईनं."

"काहून?"

"मामाच्या लाडवायले मुंग्या लागन म्हने." पोरीनं शेंगेचं साल थुंकलं. "आजी, आपुन कधी खाचे ते लाडू? आई म्हनते, आजी काढन तवा."

रंगूबाईनं कोठीच्या झाकणावर हात ठेवला. "तुह्या आईले... मामानं सांगलं?"

"मामाचा फोन आलता न. गुरुवारी, संध्याकाई. आई गोठ्यात जाऊन बोलली. मंग तिनं डोये धुतले." पोरगी जरा थांबली. "मले म्हने, आजीले काही नको बोलू. मी बोलली का आता?"

"नाही. तू काही नाही बोलली. जा."

गुरुवारपासून. गुरुवारपासून ही बाई सगळं माहीत असून ऊन पाणी काढत होती, ताटात वरण वाढत होती, आणि आपण लपवलेल्या चोरीला मुंग्या लागू नयेत म्हणून रोज सकाळी वाकून हळद ओढत होती. बोलली असती, भांडली असती, तर रंगूबाईला जमलं असतं. भांडणात ती कोणाला हार गेलेली नव्हती. ही हळद मात्र भांडत नव्हती.

दुपारी साधना परसात वांगी तोडत होती. रंगूबाई मागं जाऊन उभी राहिली.

"साधना."

"काय आत्याबाई?"

साधनानं मान वर केली. डोळे कोरडे, सरळ. ती वाट पाहत होती, हे रंगूबाईला कळलं. तोंड उघडलं.

"वांगे पाहून घेजो. कीड असन."

"हाव," साधना म्हणाली आणि खाली वाकली.

रविवार उजाडला. नऊच्या सुमारास जावयाची गाडी दारात आली. ललिताबाई स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशी उतरली आणि ओट्यावर बसायच्या आधी चुलीकडे नजर टाकून घेतली. अंगणात जगदेवनं गोवऱ्या रचल्या होत्या. साधना परात पुढं ओढून कणकेत तेलाचं मोहन चोळत होती. बांगड्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत पांढरे. रंगूबाई आपल्या पाटावर, आपल्या जागी.

"चालू द्या इहीनबाई," ललिताबाई म्हणाली, "तुमच्या हाताची जादू पाहाले आलो आमी. पन काहो, सून सुट्टीत माहेरी नाही गेली? जवळच हाय न माहेर?"

रंगूबाई पाटावर सरकून बसली. साधनाचे हात कणकेत थांबले. तिनं सासूकडे पाहिलं आणि मग स्वतःच म्हणाली, "घरी पाव्हने हायेत न मावशी. पाव्हने सोडून कसं जाव?"

आणि पुन्हा चोळू लागली.

ते रंगूबाईला सोसलं नाही. ती पाटावरून उठली. आत गेली. कोठीचं झाकण वाजल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. डाळीचे दाणे चिकटलेलं गाठोडं घेऊन ती बाहेर आली आणि साधनासमोर ते ठेवलं.

"उठ. हात धू."

"आत्याबाई, कनीक..."

"कनीक गेली चुलीत. उठ म्हनतो न." मग ती जगदेवकडे वळली, कारण साधनाकडे पाहून बोलणं तिला जमणार नव्हतं. "राजपाल आलता गुरुवारी. हिले न्याले. उद्या सकाई ते सारे भट्टीवर चालले, मायबापासकट. मिरगापर्यंत घराले कुलूप. मी त्याले सांगलं, साधना कारंज्याले गेली. तुमी सारे नाल्यापलीकडे होते. मी खोटं बोलली. रोडग्यापायी."

रत्नमालानं तोंडावर हात ठेवला. जगदेव आईकडे पाहतच राहिला. "माय," एवढंच म्हणाला. त्यापुढं तो काय म्हणणार होता ते त्यानं गिळलं, आणि न म्हटलेलं ते रंगूबाईला शिवीपेक्षा जास्त लागलं. तो मोटारसायकलकडे गेला.

"तुले मालूम होतं," रंगूबाई साधनाला म्हणाली. "मंग बोलली काहून नाही?"

साधना हातावरची कणीक खरवडून परातीत टाकत होती. एक कणही वाया न घालवता. "न्याले आलेलं मानूस तुमी परत धाडलं, आत्याबाई. मंग मले धाडनंही तुमच्याच हाती होतं. मी कायले मागू?" मग तोंड फिरवून, "मले वाटे, सांगान तुमी. आज सांगान, उद्या सांगान."

तिनं हात धुतले, पदर सारखा केला, निकिताला स्वेटर घातलं. गाडीवर बसताना, सवयीनंच, मागं वळून म्हणाली, "आर जरासा बसू द्या. जाळ असताना पुरू नका." आणि गाडी फाट्याकडे गेली. गाठोडं तिच्या मांडीवर होतं.

रंगूबाई परातीशी बसली. खांद्यातून कळ निघत होती. रत्नमाला लाटायला बसली, पण पुण्यात गॅसवर पोळ्या करणारीचा हात तो, पाऱ्या कुठं जाड, कुठं फाटलेल्या. आर बसायची वाट पाहायला रंगूबाईचं मन जागेवर नव्हतं. दुपारी ताटं वाढली तेव्हा रोडगे वरून काळे आणि आतून पांढरे निघाले. जावयानं अर्धा खाऊन बाकीचा वरणात बुडवून ठेवला. पोरांनी सॉस मागितला.

ललिताबाईनं एक फोडला, वास घेतला. "वरून कोयसा, आतून लापशी."

"हे माह्या हातचे," रंगूबाई म्हणाली. "तीन वर्सं गावानं खाल्ले, तुमच्या लेकानं खाल्ले, ते तिचे होते. नाव माहं होतं."

ललिताबाई हसली. खवचट हसली असती तर रंगूबाईला बरं वाटलं असतं. पण ती नुसतीच हसली. "ते मले ठाऊक होतं, इहीनबाई. मागच्या साली आमच्याकडच्या लग्नात तुमाले आयेर द्याले हात वर होत नव्हता. रोडगे काय असे लाटता येतात त्या हातानं? कोनाले दिसत नाही?"

म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं ते झाकलेलं नव्हतंच. रंगूबाईनं कच्चा रोडगा ताटात घेतला आणि तिथंच बसून पूर्ण खाल्ला. कोणी थांबवलं नाही.

सोमवारी दुपारच्या एसटीनं साधना आणि निकिता परत आल्या. साधनाचे डोळे सुजलेले होते. ती आली, पिशवी ठेवली, निऱ्या खोचल्या आणि भांड्यांचा ढीग पुढ्यात ओढला. रंगूबाई दाराशी उभी.

"गेले?"

"गेले. सकाई सातला आली गाडी. चुलीतला विस्तवही मायनं पानी टाकून इझवला." साधनानं पदराची गाठ सोडली. आतून एक चावी निघाली, पितळी, जुनी, सुतळीत ओवलेली. "हे तुमच्याजवळ ठेवाले सांगलं मायनं."

"माह्याजवळ? तुह्याजवळ ठेव न."

"नाही. माय म्हने, इहीनबाईजवळ दे. मोठ्या घरची बाई हाय, सांभाळन. पावसाच्या आंदी एकडाव जावयाले पाठवून छपराचे कवेलू पाहून घ्या म्हने."

चावी रंगूबाईच्या तळहातावर आली. थंड होती.

"तू काय सांगलं मायले? गुरुवारचं?"

साधना भांडं घासत होती. "सांगलं, कारंज्याची गाडी हुकली म्हनून आमी वावरात होतो. मांगून तुमाले कयलं, तवा तुमी मले शोधाले वावरापर्यंत गेलत्या. आमी दुसऱ्या बांधानं गेलो, गाठ नाही पडली. माय म्हने, बिचारी, त्या खांद्यानं एवढं चालली."

"असं खोटं कायले सांगलं?"

"तिले सहा महिने तिथं राहाचं हाय, आत्याबाई. लेक कोनाच्या घरी हाय हे डोक्यात घेऊन कशी राहीन?"

रंगूबाईनं चावी मुठीत धरली. ती आतल्या खोलीत गेली. कोठीभोवतीची हळद आता विस्कटली होती, मुंग्या मोकळ्या फिरत होत्या. आत लाडू नव्हते तरी वासावर येत होत्या. कोठीच्या वरच्या खिळ्याला चावी अडकवावी म्हणून तिनं हात वर केला. खांदा अर्ध्यातच अडला. पुन्हा केला. पुन्हा अडला.

मग तिनं चावी पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारल्या आणि बाहेर येऊन साधनाशेजारी बसली. घासलेली भांडी एकेक उचलून ती डाव्या हातानं विसळू लागली. वाकली की चावी दगडावर वाजायची. साधना ते ऐकत होती आणि पुढचं भांडं तिच्याकडे सरकवत होती.

मिरगाला अजून सहा महिने होते.